मोठ्यानं बोलणारं शहर

७ मार्च १९७७, सोमवार

माझ्या लेकीची, नान-जूची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही मी घेतली आहे. या शहरात माझ्याशी हळू बोलणारं कुणी नाही, तेव्हा वहीशीच बोलावं म्हणते.

नान-जूचे वडील जाऊन पाच महिने झाले. थोरले भावजी घराचे कर्ते, त्यांचा शब्द शेवटचा. तिला बुसानच्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली तेव्हा ते आठवडाभर मिठाची गुळणी धरून बसले आणि मग म्हणाले, "दुसऱ्या वर्षश्राद्धापर्यंत मुदत. तोवर दोघी धड उभ्या राहिलात तर राहा तिकडं. नाहीतर परत यायचं, शाळा बंद, आणि भाताच्या गिरणीवाल्याच्या मुलाशी हिचं लग्न." सरकारनं सुतक शंभर दिवसांवर आणलंय, पण आमच्या भावजींना सरकारपेक्षा वाडवडील मोठे. मी मान खाली घालून हो म्हटलं. गिरणीवाल्याचा मुलगा मी पाहिलाय. त्याच्यासाठी मुलीनं शाळा सोडावी असं त्याच्या आईलाही वाटत नसेल.

आम्ही योंगदो बेटावर चढणीला एक खोली घेतली आहे. सामान लावत होते तर बाहेर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. आता झिंज्या धरतात की काय म्हणून मी दार लावून घेतलं. फटीतून बघते तर एक दुसरीला मुळा देत होती, आणि दुसरी "जेवलीस का" विचारत होती!

आमच्या चुंगचोंग प्रांतात असा आवाज फक्त घराला आग लागल्यावर काढतात, तोही जरा थांबून.

११ मार्च, शुक्रवार

काम मिळालं. गोदीत जहाजं ओढून किनाऱ्यावर घेतात आणि रंगवण्याआधी त्यांचा गंज आणि चिकटलेले शिंपले हातोडीनं ठोकून काढतात. ते काम बायकांचं. जहाजाच्या अंगाला दोरांनी फळी टांगतात, तिच्यावर बसून ठोकायचं. खाली बघायचं नाही. मी बघितलं. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत जीव मुठीत धरून बसले, आणि दुसऱ्या मुठीत हातोडी.

आवाजाचं काय लिहू? पन्नास बायका एकाच लोखंडावर एकदम ठोकतात. पहिल्या पाच मिनिटांत कानठळ्या बसल्या.

टोळीची म्होरकी हामहुंगकर मावशी. साठीची, बुटकी, खांदे हमालाचे. युद्धात उत्तरेतून आली, म्हणून सगळे तिला गावाच्या नावानंच ओळखतात. तिनं मला कापसाचे दोन बोळे दिले. "कानात घाल, चुंगचोंगकर! ठासून घाल!"

मी घातले. पण घटकाभरानं वरून तिनं हाक मारली ती मला ऐकूच आली नाही, आणि तिनं फळी हलवून मला खूण केली. शरमेनं मेल्यासारखं झालं. वडीलधाऱ्यांच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची, हे मी चालायच्या आधी शिकले. गावात माझ्याबद्दल कुणी काही बोललं असेल, पण "पिल-नमला दोनदा हाक मारावी लागते" असं कुणी म्हटलेलं नाही. बोळे काढून कमरेला खोचले. त्रास होतो, पण वळण ते वळण.

२० एप्रिल, बुधवार

हातांना घट्टे पडले. आता फळीवर बसून भाताचा गोळा खाता येतो.

आज जहाज उशिरा आलं, म्हणून हामहुंगकर मावशी मला गारेगार रश्शातल्या शेवया खायला घेऊन गेली. तिच्या गावाकडं त्या कुट्टूच्या पिठाच्या करत. इथं आली तेव्हा कुट्टू कुठला, मदतीत आलेलं गव्हाचं पीठ तेवढं मिळे. मग त्याच्याच केल्या.

"पहिला घास घेतला आणि रडले मी!" ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी सांगत होती. "म्हटलं, ह्या काय शेवया? ही तर भिजलेली सुतळी!"

"आणि आता?"

"आता खरं सांगू? गावच्यांपेक्षा बऱ्या लागतात. पण हे माझ्या सासूला कळायला नको, ती तिकडं जिवंत असली तर!"

नवऱ्याशी तिची चुकामूक बोटीवर चढताना झाली. बुसानला पोचलो तर योंगदोच्या पुलावर भेटायचं, असं ठरलं होतं. तेव्हा तो पूल दिवसातून दोनदा उचलत, जहाजं जायला. मावशी तीन वर्षं रोज पुलाशी उभी राहायची. तिच्यासारख्या हजारो. "उभं राहून पोट भरत नाही ना, म्हणून शेजारी मासे विकायला बसले. मग पुलावरून पाण्याचा नळ नेला आणि पूल उचलणंच बंद झालं. पण ह्या गावानं मला कधी विचारलं नाही, की तू कुठली, किती दिवस राहणार. जागा कुठंय असंही म्हणालं नाही. डोंगर होता, त्यावर चढा म्हणालं."

मी विचारलं, अजून वाट बघतेस का? तिनं रस्सा पिऊन संपवला आणि म्हणाली, "चल, जहाज आलं असेल."

२ जुलै, शनिवार

घरमालकाला सांगितलं, छपरात रातकिडे झालेत, काहीतरी धूर करा. तो शिडी लावून चढला, उतरला, माझ्याकडं बघत राहिला. म्हणे एकही नाही. पुरुषांना काम चुकवायला निमित्त लागतं. मी झोपले तरी ते किर्र करतातच.

१६ ऑक्टोबर, रविवार

पहिल्या वर्षश्राद्धाला गावी जाऊन आलो. मला वाटलं होतं, त्या शांततेत अंग टाकलं की बरं वाटेल. कसलं काय! घरात सगळे पुटपुटत होते. जावा चुलीपाशी कुजबुजत, भावजी तर ओठही हलवत नाहीत. पूर्वी एवढं नव्हतं. माणसं घरात कोंडून राहिली की आवाज बसतो बहुधा.

एक वाईट झालं. म्हणे भावजींनी मला ओसरीवरून तीनदा हाक मारली आणि मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. नान-जूनं येऊन माझा हात धरला तेव्हा मला कळलं. मी कपाळ जमिनीला टेकून माफी मागितली. ते म्हणाले (हे मात्र अगदी समोर बसून म्हणाले), "शहराचं वारं लागलं." आणि पुढं, "गिरणीवाले वर्षभर थांबायला तयार आहेत."

परतताना पूल ओलांडला, गोदीचा तेलाचा वास आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण कुठं राहतो ते माणसाला गावी गेल्यावर कळतं.

२३ जानेवारी १९७८, सोमवार

महिनाभर जहाजांच्या पोटात काम आहे, तेलाच्या टाक्यांत. बाहेर टांगून घेण्यापेक्षा ऊब असते, म्हणून मी आपणहून गेले. आत आवाज सोसवत नाही हे खरं. पहिले दोन दिवस डोकं धरून बसले. मग सवय झाली. आता तर तो आवाज मऊ लागतो.

बुसानबद्दल मी सुरुवातीला फार वाकडं लिहिलं, ते मागं घेते. ही माणसं मुळीच कर्कश नाहीत. जागाल्चीच्या मासळीबाजारातल्या कोळणींना मी आल्या आल्या घाबरायचे. आता त्या माझ्याशी अगदी बेताच्या आवाजात बोलतात, सभ्य घरातल्या बायकांसारख्या. समुद्रपक्षी पहाटे केवढा कलकलाट करायचे, तेही कमी झालेत. पुलावर रहदारी वाढली म्हणतात, पण मला तर शहर निवल्यासारखं वाटतं. पहाटे खोलीतून बाहेर यावं तर डोंगरभर चुलींचा धूर, खाली जहाजांचे दिवे, आणि कसलाही आवाज नाही. या शहरानं पंचवीस वर्षांत किती माणसं पोटात घेतली, आणि आता जेवण झाल्यावर शांत बसल्यासारखं ते बसलं आहे. मला ते फार आवडायला लागलं आहे. इथंच राहायचं आहे मला.

काळजी नान-जूची. मुलगी दिवसेंदिवस तोंडातल्या तोंडात बोलते. "नीट बोल" म्हटलं की रडवेली होते. अभ्यासाचा ताण असेल, की कुणी मुलगा?

१२ एप्रिल, बुधवार

आज मरता मरता वाचले. मोठं मासेमारीचं जहाज होतं. मी खालच्या फळीवर ठोकत होते. एकाएकी कमरेचा दोर असा ओढला गेला की मी फळीवरून तिरकी झाले, आणि मी जिथं होते तिथून रंगाचा भरलेला डबा खाली गेला. वर डेकवर चार माणसं वाकून हातवारे करत होती. मेल्यांनी आधी ओरडायचं नाही का! मी तसं त्यांना सुनावलंही. ते एकमेकांकडं बघत राहिले.

दोर ओढला होता मावशीनं. खाली उतरल्यावर तिनं आधी माझा दोर तपासला. मग माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि सांगितलं, उद्यापासून आपण दोघी एका दोरावर. एक हिसका म्हणजे खाली, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे सरक. मला वाटतं म्हातारीचा घसा गेला आहे, हाका मारणं झेपत नसेल. बिचारी. मी हो म्हटलं, तिला कमीपणा वाटायला नको.

१५ जुलै, शनिवार

लिहू की नको असं होतंय. लिहिते.

दुपारी नाम्पोच्या रस्त्यानं बांगडे घेऊन येत होते. पुढं बघते तर गाड्या उभ्या. माणसं दुकानांच्या पडव्यांखाली भिंतीला टेकून उभी, आणि सगळी माझ्याकडं बघतायत. एवढ्या मोठ्या रस्त्यावर मी एकटी. मला वाटलं, काय शहर आहे! एका बाईला रस्ता ओलांडायचा तर बससुद्धा थांबते. मी मान लववून आभार मानत चालले होते. खरंच मानत होते.

मग पिवळी दंडपट्टी बांधलेला एक माणूस धावत आला आणि त्यानं माझं कोपर धरलं. त्याचं तोंड इतकं उघडं होतं की दात मोजता आले असते. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आणि त्याचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा तसा.

पडवीखाली एका दुकानात दिनदर्शिका होती. पंधरा तारीख. दर महिन्याच्या पंधरा तारखेला हवाई हल्ल्याची तालीम असते. भोंगा वाजतो आणि सगळं शहर जागच्या जागी थांबतं. शेंबड्या पोराला माहीत आहे. तो भोंगा माझ्या डोक्यावरच्या खांबावर होता.

मला फक्त रातकिडे ऐकू येत होते. भर दुपारी, नाम्पोच्या रस्त्यात.

१७ जुलै, सोमवार

आज सुट्टी. मावशीकडं गेले. तिच्या समोर बसले. मी तोंड उघडायच्या आत तिनंच माझे दोन्ही कान धरले, लहान पोराचे धरतात तसे.

"कापूस काय केलास मी दिलेला?"

मी सांगितलं. वळण, पहिली हाक, सगळं. ती आधी हसली, मग तिनं मला अशी शिवी दिली जी मी इथं लिहिणार नाही.

"अगं खुळे, इथं ओ दिली नाही म्हणून कोण रागावतं? मला बारा वर्षं ऐकू येत नाही! टोळीतली ती पांढऱ्या केसांची, तिला वीस! गोदीतल्या अर्ध्याहून जास्त बायांना नाही! तुला काय वाटलं, आम्ही भांडतो म्हणून ओरडतो?"

मी म्हटलं, हो, असंच वाटलं होतं.

"समोरचीला ऐकू यावं म्हणून ओरडतो! जिला ऐकू येतं तीही ओरडते, कारण कुणाला येतं नि कुणाला नाही हे विचारत बसायचं नसतं!"

पहिल्या दिवशीचा मुळा आठवला. मी दार लावून घेतलं होतं. रडू आलं मला, तिथंच, तिच्या चटईवर. आणि त्याच्या मागोमाग भीती आली. बहिऱ्या विधवेला भावजी शहरात एक दिवस ठेवणार नाहीत. त्यांना कळलं की संपलं. श्राद्धाला तीन महिने आहेत. नान-जूला मी काही सांगितलेलं नाही, तिला आधीच ताण आहे.

३ सप्टेंबर, रविवार

मावशी मला ओठ वाचायला शिकवते. बुसानची माणसं सोपी, त्यांचं तोंड गुहेसारखं उघडतं. पण मावशी म्हणते, "तुमच्या चुंगचोंगवाल्यांचं काय करायचं? त्यांचे ओठ शिवलेले!" आरशासमोर बसून मी भावजींसारखं बोलून बघितलं. खरंच काही दिसत नाही.

कापूस घालते आता. उरलंय तेवढं तरी राहू दे.

नान-जू अलीकडं माझ्याशी बोलताना समोर येऊन बसते आणि माझा चेहरा हातांत धरते. एवढी मोठी मुलगी आणि लाडात येते. बरं वाटतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भावजी दुपारी आले. श्राद्ध शनिवारी आहे, आम्हाला न्यायला आले. येताच खोली पाहिली, नान-जूची पुस्तकं पाहिली, खिडकीतून गोदी पाहिली. त्यांना बघायला सगळं नीट होतं. मी त्यांना खिडकीकडं तोंड करून बसवलं, उजेड चेहऱ्यावर पडेल असं. मावशीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती आली आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. तुमची भावजय कशी वाघीण आहे, टाकीत उतरते, दोरावर लटकते. भावजी अंग चोरून बसले होते. मध्ये मध्ये ते काही म्हणत, मी ओठांकडं बघून अंदाजानं "हो जी" म्हणे. चार-पाच वेळा जमलं. पूल ओलांडला असं वाटायला लागलं.

मग मावशीला कामावर जावं लागलं. नान-जू शाळेतून आली, काकांना वाकून नमस्कार करून कोपऱ्यात बसली. मी सातूच्या चहाचा पेला भावजींच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडापुढं धरला आणि तसाच धरून ठेवला. पीत नव्हते. त्यांचे डोळे माझ्यावर होते. नान-जूचा चेहरा पांढरा पडला, त्यावरून मला कळलं की ते बोलतायत.

मी म्हटलं, "हो जी."

त्यांनी पेला खाली ठेवला. आता त्यांचे ओठ मला स्पष्ट दिसले, ते मुद्दाम सावकाश बोलले. "मी तीनदा विचारलं, माझा भाऊ कोणत्या वर्षी गेला. तू हो म्हणालीस." आणि मग, "वाटलंच होतं मला, गेल्या वर्षी ओसरीवर. सामान बांध. दोघींचं."

वाईट माणूस नाहीत ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उठून पेटीकडं गेले आणि माझे हात खरोखर कपडे काढायला लागले.

आणि तेव्हा माझ्या पाठीमागून आवाज आला.

"मोठे काका!"

मी वळले. नान-जू उभी होती. पाय रोवून, मुठी आवळून, मानेच्या शिरा ताणून. माझी मुलगी, जिचा आवाज गावात शेजारच्या खोलीत जात नसे.

"आईला ऐकू येत नाही, मला वर्षभर माहीत आहे! ती घाबरेल म्हणून मी बोलले नाही! माझ्या शाळेपायी गेलेत तिचे कान! आणि मी शाळा सोडू? श्राद्धाला येऊ आम्ही! तुमच्या पाया पडू! बाबांच्या पाया पडू! आणि सोमवारी परत येऊ, मंगळवारी तिचं जहाज आहे! गिरणीवाल्यांना सांगा दुसरी बघा! इथं तिला सगळे ऐकू जाईल असं बोलतात! तिकडं कोण बोलणार आहे तिच्याशी? तुम्ही बोलाल?"

घराच्या कर्त्यापुढं पोरीनं असा आवाज चढवलेला आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकला नसेल. बाहेर चढणीवर बायका थांबलेल्या खिडकीतून दिसत होत्या. तिला गप्प करायला माझा हात वर गेला. तिच्या तोंडावर ठेवणार, तोच लक्षात आलं की मी तिच्या ओठांकडं बघतच नाहीये. मला तिचा आवाज येत होता. सगळाच. ती लहानपणी तापात बोलायची तसा जरा घोगरा, शेवटच्या शब्दाला वर जाणारा. मी तो विसरले होते, आणि विसरले होते हेही मला माहीत नव्हतं.

भावजी चटईवर बसूनच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आता ही पोरीला काय शिक्षा करते म्हणून.

मी हात खाली घेतला. "नान-जू," मी म्हटलं, "पुन्हा बोल."

भावजींना वाटलं, मला ऐकू आलं नाही. नान-जूनं एकदा माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं, श्वास भरून घेतला, आणि "मोठे काका"पासून सगळं पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं.